कुजबूज गडावर, गडगडाट घरात

महाडहून पाचाडच्या वाटेला लागलं की नाते गाव येतं आणि पुढे रायगड. गडावरच्या राजसभेत नगारखान्याच्या दाराशी काडी ओढली, कागद फाडला किंवा कुणी हळूच बोललं, तरी सिंहासनाच्या जागी ते ऐकू येतं. सभा 220 फूट लांब, म्हणजे 67 मीटर. आता हिशेब बघा. उघड्या माळावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. एका मीटरवर 30 डेसिबल असलेली कुजबूज 64 मीटरपर्यंत जाताना 36 डेसिबल गमावते, म्हणजे माळावर ती कुणालाच ऐकू जाणार नाही. राजसभेत जाते, कारण तिथे दगडी भिंती आवाज सांभाळतात. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी हे एकही वॉट न खर्चता साधलं. होम थिएटरचा रिसीव्हर घ्यायला निघालेल्याने आधी गड चढून यावं, असं मला मनापासून वाटतं. तिथे कळतं की आवाजात वॉटपेक्षा इतर गोष्टींचाच वाटा मोठा असतो.

खोक्यावरचे वॉट

नव्वदच्या दशकातल्या टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’ लिहून हजारो वॉट छापलेले असायचे. त्या आकड्याला मापाचं कुठलंच सर्वमान्य प्रमाण नव्हतं. आजचे रिसीव्हर तेवढे बेछूट नाहीत, पण बारीक अक्षरं वाचावीच लागतात. ‘1 किलोहर्ट्झ, 10 टक्के विकृती, एक चॅनेल’ असं लिहिलेले 180 वॉट आणि ‘20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, 0.05 टक्के विकृती, दोन चॅनेल’ असं लिहिलेले 100 वॉट एकाच यंत्राचे असू शकतात. दुसरा आकडा खरा धरा. सात चॅनेलच्या यंत्रात सातही एकदम चालू झाले की तोही घसरतो, कारण सगळ्यांना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर एकच असतो.

त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे वॉट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबल वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट! 80 वॉटचा सोडून 100 वॉटचा घेण्यासाठी जास्तीचे पैसे मोजलेत, तर हाती लागतो जेमतेम 1 डेसिबल.

हिशेब नात्याच्या पद्धतीने

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख नात्यात जन्मले, 14 जानेवारी 1896 रोजी. त्यांच्या गावात बसून आकडेमोड टाळणं बरं दिसत नाही. स्पीकरच्या कागदावर ‘सेन्सिटिव्हिटी’ शोधा. ती 84 डेसिबल असेल, तर एका वॉटला एका मीटरवर तेवढा आवाज. तुम्ही 3 मीटरवर बसता, तेव्हा घरातल्या भिंतींची मदत धरूनही 6 डेसिबल गेले आणि उरले 78. स्फोटाच्या दृश्याला 100 डेसिबल हवे असतील, तर एका स्पीकरला जवळपास 160 वॉट लागतील. स्पीकर 90 डेसिबलचा असता तर 40 वॉटमध्ये भागलं असतं. तेव्हा रिसीव्हर बदलण्याआधी स्पीकरचा कागद वाचा.

त्या कागदातही एक मेख आहे. सेन्सिटिव्हिटी बहुधा 2.83 व्होल्टवर मोजतात. 8 ओहमच्या स्पीकरला एवढ्या व्होल्टवर बरोबर 1 वॉट मिळतो, 4 ओहमच्याला मात्र 2 वॉट. म्हणजे 4 ओहमच्या स्पीकरवर 87 लिहिलं असेल, तर एका वॉटच्या हिशेबाने ते 84च.

4 ओहमचा स्पीकर त्याच व्होल्टेजवर दुप्पट करंट ओढतो. 8 ओहम हा सपाट रस्ता धरला, तर 4 ओहम म्हणजे भरल्या टेम्पोने पोलादपूरहून आंबेनळी घाट चढणं: इंजिन तेच, पण तापतं. शिवाय ओहम एका जागी राहत नाहीत. ‘नॉमिनल 4’ लिहिलेला स्पीकर खर्जात 3 ओहमपर्यंतही उतरू शकतो. 1980च्या दशकातला अमेरिकी ‘अपोजी सिंटिला’ हा स्पीकर तर 1 ओहमसाठी कुप्रसिद्ध झाला. भलेभले अ‍ॅम्प्लिफायर त्याच्यापुढे माना टाकत. उलट 1946 साली आलेला पॉल क्लिप्श यांचा कोपऱ्यात ठेवायचा हॉर्न स्पीकर एका वॉटला 105 डेसिबलच्या घरात जातो.

रिसीव्हरच्या मेनूत ‘4 ओहम’ असा पर्याय दिसला तर हुरळून जाऊ नका. बहुतेक यंत्रांत तो ताकद वाढवत नाही, उष्णता आवरण्यासाठी कमी करतो. आणि अपुरा अ‍ॅम्प जोरात वाजवणं स्पीकरला धोक्याचं असतं. ताकद संपली की लाटांची शिखरं कापली जातात, आणि आधी जळतो तो उंच स्वर वाजवणारा नाजूक ट्वीटर.

चंदीगड आणि पेटी

आवाज चहूबाजूंनी आणि छतातूनही फिरवणाऱ्या ‘डॉल्बी’चे संस्थापक रे डॉल्बी 1963 ते 1965 या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात, चंदीगडला होते. इथून लंडनला जाऊन त्यांनी 1965 मध्ये कंपनी काढली. रिसीव्हर बनवणाऱ्या यामाहाची सुरुवात तर 1887 साली जपानमधल्या एका शाळेचा बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त करण्यातून झाली. आपल्या भजनी मंडळाच्या पेटीतही तशाच पितळी पट्ट्या वाजतात.

कौलारू घरात

छताकडे आवाज फेकून तो परतवणारे ‘डॉल्बी अ‍ॅटमॉस’चे स्पीकर सपाट छत गृहीत धरतात. उतरत्या कौलांखाली आवाज भलतीकडेच जातो. तिथे ते घेऊ नका, छोटे स्पीकर सरळ तुळईला लावा. खर्जाचा काही भाग कौलांतून बाहेर निसटतो, म्हणून सबवूफर हवाच. पण गावाला एक मोठी सवलत आहे: रात्रीची शांतता. शहरात गाड्यांच्या आवाजावर मात करायला जे वॉट जातात, ते नात्यात वाचतात.

मुलाने अमेरिकेतून पाठवलेला रिसीव्हर 120 व्होल्टचा असतो. आपल्या 230 व्होल्टला जोडला की गेलाच! दुबईहून आलेला बहुधा चालतो, प्लग तेवढा बदलावा लागतो. वर क्रोशाचा रुमाल घालू नका, चांगली वीतभर जागा मोकळी सोडा. पावसाळ्यात उबेला पाली आत शिरतात आणि सर्किट शॉर्ट करतात, म्हणून अधूनमधून मागे डोकावत जा. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की मेन प्लगबरोबर केबलची आणि इंटरनेटची वायरही काढा. महाडकरांनी जुलै 2021चा पूर पाहिला आहे. सावित्रीकाठी तळमजल्यावर राहत असाल तर यंत्र भिंतीवर उंच बसवा.

दुकानात गेलात की वॉट विचारू नका. रिसीव्हरला ‘प्री-आउट’ आहेत का, ते विचारा. ते असले, तर पुढच्या दोन अवघड स्पीकरांना वेगळा, 4 ओहम पेलणारा पॉवर अ‍ॅम्प जोडता येतो, आणि तो आज नाही तर दोन वर्षांनीही घेता येतो. सगळे स्पीकर मेनूत ‘स्मॉल’ करून 80 हर्ट्झखालचा खर्ज सबवूफरकडे सोपवा. रिसीव्हरवरचा सगळ्यात जड भार तिथेच उतरतो. माझं मत विचाराल, तर 4 ओहम आणि 84 डेसिबलच्या स्पीकरांसाठी मधल्या किमतीचा प्री-आउटवाला रिसीव्हर आणि जोडीला दोन चॅनेलचा दणकट अ‍ॅम्प, हीच जोडी घ्यावी.