येळवसची भज्जी आणि एक एकर

मराठवाड्यातल्या सेंद्रिय शेतीचा इतिहास कागदपत्रांत फारसा सापडत नाही. 'सेंद्रिय' हा शब्दच इथे उशिरा आला. त्याआधीची शेती विनारसायनच होती, म्हणून तिला वेगळे नाव लागत नव्हते. मी कृषिपदवीधर नाही. लातूर-नांदेडकडच्या गावांत म्हाताऱ्या माणसांशी बोलत जे जुळवता आले, ते इथे मांडतो आहे. या बोलण्यात एक पदार्थ सारखा येत राहिला: वेळ अमावास्येची भज्जी.

मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवसला, लातूर-धाराशिवकडची आणि नांदेडच्या काही भागांतली गावे ओस पडतात. सगळे रानात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, मग ज्वारीची आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. सीमेपलीकडे बीदर-कलबुर्गीत हीच एळ्ळ अमावास्या. कन्नडात एळ्ळु म्हणजे तीळ. भज्जीत तूर, वाल, वाटाणा, हरभऱ्याचे ओले दाणे, शेंगदाणे, पालेभाज्या, बेसन आणि ताक. एकाच पिकाच्या रानातून हा पदार्थ होत नाही. त्याला चार-पाच डाळवर्गीय पिके, ज्वारी आणि दुभते जनावर लागते. म्हणजे जुन्या मिश्र शेतीची सगळी मांडणीच त्यात आहे.

ही मांडणी हौसेची नव्हती. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे एका टनात पाच किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ते सुमारे २१ किलो असते. एका गोणीची बरोबरी करायला चार टन शेणखत हवे. एवढे खत लहान शेतकऱ्याकडे कधीच नव्हते. कोरडवाहू पिकाला हेक्टरी पाच टन, म्हणजे एकरी दोन टन, मिळाले तरी खूप. उरलेली तूट तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींनी काही प्रमाणात भरून निघे, कारण त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. ज्वारीचा कडबा गोठ्यात, गोठ्यातले शेण उकिरड्यात आणि उकिरडा पुन्हा रानात. कंधार तालुक्यावरून नाव पडलेली लाल कंधारी आणि लातूरची देवणी या दोन नामांकित जाती याच कडब्यावर पोसल्या.

सोयाबीनने ही साखळी मधोमध तोडली. सोयाबीनही डाळवर्गीयच आहे, जमिनीशी त्याचे वैर नाही. शंभर-एक दिवसांत पीक हाती येते आणि लातूरच्या अडतीत रोख पैसा मिळतो. लोक त्याकडे वळले, यात नवल नाही. पण त्याच्या भुसाला कडब्याची सर नाही. ज्वारी घटली तसा कडबा घटला, ट्रॅक्टर आला तसे बैल गेले आणि उकिरडे रिकामे झाले. आज सेंद्रिय करायचे म्हणणाऱ्या घराची पहिली अडचण हीच असते: शेण आणायचे कुठून?

या प्रश्नाला याच मातीतून आलेले एक उत्तर मला महत्त्वाचे वाटते. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनात गावोगावच्या बाया संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या प्रेमा गोपालन यांनी 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ही संस्था उभी केली. पुढे दुष्काळाच्या वर्षांत या संस्थेने 'एक एकर' पद्धत रुजवली. बाईने घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचा. त्यात भाजीपाला, डाळी, ज्वारी-बाजरी अशी आधी घरच्या ताटातली पिके घ्यायची, खत शेणाचे आणि गांडुळांचे वापरायचे. या कामाला २०१६ मध्ये इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

हिशेब साधा आहे. पाच एकरांना पुरेल एवढे शेण घरात नसते. एक-दोन जनावरांचे एका एकराला पुरते. सोयाबीन बाकीच्या रानात राहते, घरात रोख येत राहते आणि या एकराने बाजाराची पिशवी हलकी होते.

अर्थात सगळे गोड नाही. शेजारच्या बांधावरून तणनाशकाचा फवारा उडून येतो. प्रमाणपत्रासाठी दोन-तीन वर्षे रूपांतरणाची काढावी लागतात आणि तोवर माल साध्याच भावाने जातो. खुरपणी, शेण कालवणे, बियाणे राखेत जपणे ही कामे बहुतेक बाईच्याच अंगावर पडतात. आणि सातबारा? तो नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेतून बायकोच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला, त्याला तीन दशके उलटून गेली. तरी एक एकर अजून बहुधा मागूनच घ्यावा लागतो. मागून घेतलेला एकर भाव चढला की परतही मागता येतो. ज्या रानात तीन-चार वर्षे शेणखत मुरवायचे, ते पुढच्या मृगालाही आपल्याच हाती राहील, एवढी खात्री तिला मिळाली पाहिजे. सेंद्रिय शेतीच्या योजनांत खताचे, औषधाचे, प्रशिक्षणाचे अनुदान असते. या खात्रीचा रकाना मात्र मला अजून कुठल्या अर्जात दिसलेला नाही.