प्रयोगशाळेला हुलकावणी देणारे पाचवे बल

विश्वाच्या प्रसरणाचा वेग मंदावत नसून वाढत आहे, असे १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांच्या, म्हणजेच स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले. या शोधाबद्दल सॉल परलमटर, ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस यांना २०११ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या वेगवाढीच्या अज्ञात कारणास कृष्ण ऊर्जा असे नाव असून, विश्वातील एकूण ऊर्जेत तिचा वाटा सुमारे ६८ टक्के मानला जातो.

ही ऊर्जा म्हणजे सर्वत्र पसरलेले एखादे क्षेत्र असावे, असे काही सिद्धान्त सांगतात. असे क्षेत्र पदार्थाशी निगडित असल्यास ज्ञात चार बलांखेरीज पाचवे बलही अस्तित्वात असले पाहिजे. मात्र सूर्यमालेत त्याचा मागमूस नाही. अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकाच्या साहाय्याने केलेली लेसर मोजमापेही आइन्स्टाईन यांच्या सिद्धान्ताशी जुळतात.

मग हे बल दडते कोठे? जस्टिन खौरी आणि अमांडा वेल्टमन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याचे एक उत्तर सुचविले. सरडा जसा परिसरानुसार रंग बदलतो, तसे हे क्षेत्र सभोवतालच्या घनतेनुसार बदलते. घन पदार्थात त्याच्या बलाचा पल्ला अत्यंत तोकडा होतो. विरळ अवकाशात तो प्रचंड वाढतो. पृथ्वीसारख्या गोलाच्या केवळ पातळ बाह्य कवचाचाच प्रभाव बाहेर पोहोचत असल्याने ग्रहांच्या गतीत हे बल जाणवत नाही.

अशी पळवाट असलेला सिद्धान्त तपासायचा कसा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कारण जो खोटा ठरूच शकत नाही, तो विज्ञानाच्या कसोटीस उतरत नाही. याचे उत्तर निर्वात पोकळीत सापडले. निर्वातात एकटा अणू इतका लहान असतो, की त्याच्यापासून हे बल लपू शकत नाही. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये निर्वात कक्षात धातूच्या गोळ्याजवळ सीझियमचे अणू सोडून त्यांच्यावरील ओढ मोजली. अतिरिक्त बल आढळले नाही. २०२२ मध्ये चिनी संशोधकांनी तरंगत्या संवेदकाद्वारे केलेल्या प्रयोगाने मूळ स्वरूपातील या सिद्धान्ताला फारसा वाव उरू दिलेला नाही.

कृष्ण ऊर्जेचे कोडे अद्याप सुटलेले नाही. तथापि, अब्जावधी प्रकाशवर्षे पसरलेल्या विश्वाविषयीचा एक सिद्धान्त टेबलावर मावेल अशा उपकरणाने पारखता येतो, हे या प्रयोगांनी सिद्ध केले आहे.