नाकाचा कुंभार

वेल्ह्याच्या एका वाचकाने विचारले आहे: प्लास्टिक सर्जरी पुण्यात सुरू झाली, असा मजकूर मोबाइलवर फिरतोय, तो खरा का?

‘सुरू झाली’ हे जरा जास्तच झाले. सुश्रुतसंहितेत नाक जोडणे आहेच, पण तिथे कातडी गालाची. पुण्याजवळच्या कारागिराने घेतली कपाळाची.

कावसजी हा इंग्रजी फौजेतला मराठा बैलवाला. 1792 च्या युद्धात तो टिपूच्या हाती लागला आणि नाक व एक हात गमावून बसला. वर्षभराने विटा पाडणाऱ्या जातीतल्या, म्हणजे बहुधा कुंभार असलेल्या एका माणसाने त्याच्यासाठी मेणाचे नाक घडवले. ते चपटे करून कपाळावर ठेवले, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवली. पण सगळी नाही! भुवयांमधली पट्टी जोडलेलीच ठेवून कातडी पीळ देऊन खाली बसवली. पट्टीतून रक्त येत राहते म्हणून कातडी जगते. ती पंचविसाव्या दिवशी कापायची. जोडावर ओल्या काताच्या चिंध्या, एकीवर एक पाच-सहा. चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या. कात तोच, खैराचा, विड्यात घालतो तो. भोर-वेल्ह्यातल्या कातकऱ्यांचे नावही त्यावरूनच पडले. तुरट असल्याने तो कातडी आवळतो, सुकला की धरून ठेवतो.

क्रुसो आणि फिंडले या मुंबई इलाख्यातल्या डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिले. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने सगळी कृती छापली आणि ती वाचून कार्प्यू या सर्जनने 1814 मध्ये लंडनला असेच नाक बसवले.

इकडे कुंभार नाक बसवत होता, त्याच काळात तिकडे एडिंबरोत शरीररचनेचे प्राध्यापक होते अलेक्झांडर मन्रो. बापाचे नाव तेच, मुलाचेही तेच, आणि 1720 ते 1846 खुर्ची घरातच! (जातीचा धंदा आपल्याकडेच होता असे कोण म्हणते?) मधल्या मन्रोंनी सर्जरीची वेगळी खुर्ची होऊ दिली नाही; 1777 मध्ये ते पद स्वतःच्या खुर्चीला जोडून घेतले. गंमत म्हणजे ते फिजिशियन, स्वतः शस्त्रक्रिया करीत नसत. शरीररचनेचे पंडित मात्र अव्वल. मेंदूतल्या एका छिद्राला आजही त्यांचेच नाव आहे.

कुंभाराचे मात्र तसे झाले नाही. ‘जंटलमन्स’च्या पानावर रोग्याचे नाव आहे, टिपूचे आहे, दोन्ही डॉक्टरांचे आहे. नाक घडवणाऱ्याची फक्त जात आहे.

तेव्हा तो मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर ‘सुरू झाली’ खोडा आणि कुंभाराला आत घ्या.