कुबट वास, घरातील
जमिनीतील ओल जोते, भुई व भिंती यांतून घरात शिरल्यामुळे आणि तिच्यावर कवकांची (बुरशींची) व इतर सूक्ष्मजीवांची वाढ झाल्यामुळे बंद खोल्यांत येणारा जड, मातकट वास. पावसाळ्यात व त्यानंतरच्या काही आठवड्यांत तो विशेष जाणवतो. दारे-खिडक्या उघडल्यावर तो ओसरतो व घर बंद होताच परततो. यामुळे त्याचे मूळ कपड्यांत, अंथरुणांत किंवा अडगळीत शोधले जाते. प्रत्यक्षात ते पुष्कळदा पायांखाली असते.

हा वास एकाच द्रव्याचा नसतो. मातीतील स्ट्रेप्टोमायसीझ वंशाचे सूक्ष्मजंतू जिओस्मिन नावाचे बाष्पनशील संयुग तयार करतात. रट्गर्झ विद्यापीठातील गर्बर व लशव्हालिए या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये ते वेगळे करून त्याला हे नाव दिले. एक लिटर पाण्यात काही नॅनोग्रॅम इतके अल्प असले, तरी मानवी नाकाला ते कळते. पहिल्या पावसानंतरच्या मृद्‌गंधातही हेच द्रव्य असते; अंगणात हवाहवासा वाटणारा गंध बंद माजघरात नकोसा होतो, इतकेच. याच्या जोडीला ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम इ. कवके अळंबीसारखा वास असलेली संयुगे हवेत सोडतात. पृष्ठभागालगतची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ सु. ८० टक्क्यांच्या आसपास राहिली, की चुना, लाकूड, कागद, कातडे अशा कशावरही ती वाढू लागतात.

पाणी वर चढते ते केशाकर्षणामुळे. मातीतील, विटेतील किंवा दर्जांतील रंध्रे जितकी बारीक तितके पाणी अधिक उंच चढते. भिंतीत चढणारे पाणी आणि तिच्या पृष्ठभागावरून उडून जाणारे पाणी यांचा मेळ बसतो तेथे ओलीची रेघ उमटते. ती बहुधा कमरेच्या खालीच असते. पाण्याबरोबर आलेले क्षार तेथे साठून पांढरा लोणा फुटतो व गिलाव्याचे पोपडे सुटतात. काळ्या पाषाणाच्या भिंतीत दगड स्वतः फारसे पाणी पीत नाही, त्याच्या सांध्यांतील माती पिते.

मराठवाड्यात या प्रश्नाला जमिनीमुळे वेगळे रूप आले आहे. परभणी जिल्ह्यातील झरीचा परिसर गोदावरी खोऱ्यातील काळ्या मातीच्या पट्ट्यात मोडतो. बेसाल्ट खडकापासून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट गटाची खनिजे विपुल असतात. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात आणि एकदा भिजली की महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते. पिकाला हा गुण हितकर, घराला अपायकारक. जुन्या ग्रामव्यवस्थेत ‘काळी’ म्हणजे शेतजमीन व ‘पांढरी’ म्हणजे गावठाण असा भेद रूढ होता. पांढरी बहुधा उंचवट्यावर असे. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या मातीच्या घरांचा भराव, राख व चुनखडीचा अंश यांनी ती बनलेली असे व तिच्यातून पाण्याचा निचरा काळीपेक्षा बरा होई. धान्याची पेवेही अशाच जागी खणत. तळ व बाजू यांना कडब्याचे जाड अस्तर देऊनही खालून ओल लागली, तर पेवातील ज्वारीला कुबट वास येई व तिची प्रत उतरे.

वस्ती वाढून पांढरी सोडून काळीवर आली, तेव्हा हा फायदा गेला. पायाची माती पुरेशी न काढता खोदलेलीच काळी माती जोत्यात भरणे ही यातील सर्वांत महाग पडणारी चूक होय. तिच्याऐवजी मुरूम हवा. शेणाने सारवलेल्या भुईतून ओल सर्वत्र थोडीथोडी उडून जात असे. सिमेंटच्या कोब्यामुळे किंवा फरशीमुळे ही वाट बंद होते, मग तेच पाणी कडांना सरकून भिंतीत चढते. सारवलेली भुई कोरडी असे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. याखेरीज, थरावर थर देऊन उंचावलेल्या रस्त्यामुळे जुन्या घरांचे जोते रस्त्याच्या पातळीखाली जाते आणि पावसाचे पाणी उंबऱ्याकडे वळते. सांडपाण्याचा शोषखड्डा भिंतीलगत असणे हेही नेहमीचे कारण आहे. कालव्याच्या सिंचनाखालील भागात भूजलाची पातळी वर येते. १९७६ मध्ये उद्‌घाटन झालेल्या जायकवाडी प्रकल्पाचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात येतो.

दमट हवेतील बाष्प थंड फरशीवर सांद्रित झाल्यानेही (फरशीला ‘घाम’ आल्यानेही) ओल दिसते. दोन्हींतील फरक ओळखण्यासाठी हातभर लांबीरुंदीचा पॉलिथिनचा तुकडा कडा चिकटवून एकदोन दिवस भुईवर ठेवावा. पाणी त्याच्या खाली जमले तर ओल जमिनीची, वर जमले तर हवेची.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ओल व बुरशी असलेल्या घरांतील रहिवाशांत दमा व श्वसनाचे विकार अधिक आढळतात, असे नमूद केले आहे. ग्रामीण घरात धान्य व निजण्याची जागा पुष्कळदा एकाच खोलीत असते, म्हणून धोका दुहेरी आहे. ॲस्परजिलस फ्लाव्हस या कवकाने भुईमूग, मका इत्यादींत निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष नेहमीच्या शिजवण्याने पुरते नाहीसे होत नाही. त्याला स्वतःचा वास नसतो. त्यामुळे धान्य उन्हात टाकून कुबटपणा घालविला, तरी ते निर्धोक झाले असे मानता येत नाही.

ऊद-धुपाने वास झाकला जातो. चुन्याच्या सफेदीने बुरशी काही काळ दबते, परंतु खालची ओल राहिली तर पुन्हा येते. म्हणून प्रथम पाणी घरापासून दूर नेणे आवश्यक असते : पन्हळीचे पाणी लांब सोडणे, अंगणाचा उतार बाहेर काढणे, न्हाणीची मोरी व गळके नळ दुरुस्त करणे. नव्या बांधकामात जोत्याच्या माथ्यावर सर्व भिंतींखाली डांबराचा किंवा जलरोधक काँक्रीटचा अखंड ओलावारोधक थर देतात व कोब्याखाली दगडांची सोलिंग आणि पॉलिथिन पसरतात. अमेरिकेत पुष्कळ घरांखाली रांगत जाण्याइतकी पोकळी असते. तेथेही उघडी जमीन असेच प्लॅस्टिक अंथरून झाकतात, कारण घरातील उबदार हवा वर जाताना पोकळीतील दमट हवा वर ओढली जाते. जुन्या भिंतीत असा थर मागाहून घालणे कठीण व खर्चाचे असते. तेथे भिंतीच्या बाहेरून मुरूम भरलेला चर काढणे, आतील सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा करणे आणि धान्याच्या कणग्या व पोती भिंतीपासून वीतभर दूर, फळ्यांवर ठेवणे, एवढे करता येते. भिंत पूर्ण वाळण्यास एखाददुसरा उन्हाळा जावा लागतो.