आधी खात्री की आधी आचरण?

नाशिकच्या शरणपूर रोडवर आज बँका आहेत, दवाखाने आहेत, कपड्यांची दुकानं आहेत आणि सकाळपासून रात्रीपर्यंत हॉर्न आहेत. रस्त्याला हे नाव ज्या वस्तीवरून पडलं, ती १८५०च्या दशकात गावाबाहेर वसवली गेली. वसवणारा होता चर्च मिशनरी सोसायटीचा विल्यम सॉल्टर प्राइस. अनाथ मुलं आणि ख्रिस्ती झाल्यामुळे घरादाराला मुकलेली माणसं तिथे राहत. त्यांच्यात पुढे आफ्रिकी मुलांची भर पडली. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली ही पोरं शरणपूरला सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी आणि बायबल शिकली.

त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७२मध्ये तो आणि शरणपूरची आणखी काही मुलं आफ्रिकेत शोधमोहिमा काढणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या तुकडीत सामील झाली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात लिव्हिंगस्टन आजच्या झांबियातल्या चितांबो गावी वारला. सोबतच्या माणसांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं आणि जेकबने दफनविधीची प्रार्थना वाचली. झाडाच्या खोडावर त्याने नाव आणि तारीख कोरली. मग प्रेताला मीठ लावून ते उन्हात सुकवलं गेलं, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळलं गेलं. लिव्हिंगस्टनचे जुने सेवक सुसी आणि चुमा, जेकब आणि त्यांचे सोबती ते खांद्यावर घेऊन सुमारे हजार मैल चालत समुद्रकिनाऱ्याला आले. वाटेत भेटलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने प्रेत तिथेच पुरण्याचा सल्ला दिला, पण त्यांनी मानलं नाही. १८ एप्रिल १८७४ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनच्या शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब होता.

याच लिव्हिंगस्टनने १८६६च्या मोहिमेत शरणपूरच्या आधीच्या मुलांबद्दल आपल्या रोजनिशीत भरपूर कुरकुर केली होती. शाळा एक, बायबल एक, बाप्तिस्मा एक. वागण्यात मात्र इतका फरक. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाचं तारण झालं म्हणायचं का? आणि झालं असेल तर ते कळायचं कसं?

ख्रिस्ती मंडळीत हा प्रश्न ‘तारणाची खात्री’ या नावाने ओळखला जातो. प्रोटेस्टंट प्रार्थनासभेत साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस बऱ्याचदा तारीखवारासकट सांगतो, की अमुक दिवशी मी ख्रिस्तावर विश्वास ठेवला, माझ्या पापांची क्षमा झाली, आज मेलो तरी मी देवाजवळ जाईन. ज्या गावात रामकुंडावर पाप धुवायला लाखो माणसं येतात, तिथल्या ऐकणाऱ्याला हे जरा उद्धटपणाचंच वाटेल. एवढी खात्री कुणी द्यावी?

ती आपल्या चांगुलपणावर टेकलेली नाही, हे त्यावरचं उत्तर. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात तारण ही देवाची देणगी मानली आहे. ते कर्मांचं फळ नाही, म्हणून त्याबद्दल कुणी बढाई मारू नये. लगेच पुढे तो म्हणतो, की माणूस घडवला गेला तो सत्कृत्यांसाठी. योहानाचं पहिलं पत्र तर विश्वास ठेवणाऱ्यांना आपल्याला सार्वकालिक जीवन आहे हे कळावं, याचसाठी लिहिलेलं आहे. मात्र भावाचा द्वेष करणारा अजून अंधारातच आहे, असंही ते पत्र बजावतं. याकोब सर्वांत रोखठोक: उघड्या-उपाशी माणसाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणारा विश्वास त्याच्या लेखी मेलेला आहे.

ख्रिस्ती पंथ यावर चारशेहून अधिक वर्षं भांडले. १५४७मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवलं, की देवाने खास प्रकट केल्याशिवाय आपण निवडलेल्यांपैकी आहोत, असं कुणी छातीठोकपणे म्हणू नये. प्रोटेस्टंटांतही कॅल्व्हिनचे अनुयायी मानतात की खरं तारण हातचं जात नाही. वेस्लीचे अनुयायी म्हणतात, माणूस पाठ फिरवू शकतो. १९९९मध्ये ऑग्सबर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि तारण कृपेनेच होतं, सत्कृत्यं त्याच्या मागोमाग येतात, यावर बरंचसं एकमत झालं. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत येणाऱ्या भाविकांच्या कानावर या घोषणापत्राचं नाव क्वचितच गेलं असेल. नवस बोलणं, नवस फेडणं हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे, आणि तो धागा ख्रिस्ती धर्माहून जुना आहे.

हा वाद महाराष्ट्रात एका बाईने स्वतःच्या आयुष्यात जगून दाखवला. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे सहकुटुंब तीर्थयात्रा करत हिंडले. होतं ते दान-दक्षिणेत गेलं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. पुण्य साठवूनही पोट रिकामं राहतं, हे रमाबाईंनी कोवळ्या वयात पाहिलं. पुढे इंग्लंडमध्ये, रस्त्यावरच्या म्हणून हिणवल्या गेलेल्या बायकांना फुलहॅम इथे ख्रिस्ती भगिनी कशा सांभाळतात, हे पाहून त्या हलल्या. २९ सप्टेंबर १८८३ला वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आपल्या ‘साक्षी’त त्या लिहितात, की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. मधल्या आठ वर्षांत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, त्यांना शिकवलं, स्वतः व्रतस्थ राहिल्या. कुणाही निरीक्षकाने त्यांना नीतिमान म्हटलं असतं. आतली रुखरुख मात्र तशीच होती. १८९१च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांच्या हाती आलं. आपणच दिलेलं प्रवचन ऐकता ऐकता ज्याचा पालट झाला, असा हा पाळक. तेव्हा रमाबाईंना उमगलं, की आपण धर्माच्या बाजूने उभ्या राहिलो, पण स्वतःला ख्रिस्तावर सोपवलं नाही.

यानंतर त्या शांत बसल्या असत्या, तर तारणाची खात्री माणसाला निष्क्रिय करते, हे टीकाकारांचं म्हणणं खरं ठरलं असतं. शांत बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आपण प्रार्थना करतो त्या खोलीचं दार त्या उघडं ठेवत आणि मुली येऊन बसत. त्यावरून १८९३मध्ये गदारोळ झाला, सुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मग १८९६-९७चा दुष्काळ. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे उपाशी मुली-बायका उचलून आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे शेती होती, विणकाम होतं, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल होती, आणि छापखाना बायकाच चालवत. बायबल सोप्या मराठीत आणता यावं म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९००च्या आसपास मुक्तीत दोन हजारांच्या घरात माणसं होती.

दुष्काळात मिळणाऱ्या भाकरीमागे धर्म आला, या आक्षेपात तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. भुकेल्या मुलीला निवड ती काय असणार? पण रमाबाई स्वतः भुकेतून आलेल्या होत्या, आणि त्यांची स्वतःची खात्री भाकरीतून आली नव्हती.

ज्या नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांच्या लेखनाने रमाबाई बाप्तिस्म्याकडे वळल्या, त्यांना ही शांती मिळाली नाही. काशीचे हे पंडित १८४८मध्ये ख्रिस्ती झाले, संन्याशासारखे राहिले आणि शंकांनी जन्मभर पोळत राहिले. आचरणात त्यांच्याकडे बोट दाखवणं कठीण. साक्ष देताना तारीख सांगण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी गोऱ्ह्यांची आठवण ठेवावी.

लक्ष्मीबाई टिळकांचा रस्ता तर सोवळ्यातून गेला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या या गोखल्यांच्या मुलीचे वडील इतके सोवळे, की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घरात घ्यायचे. पती नारायण वामन टिळक यांना १८९३मध्ये आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरलं आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळलं. पुढे त्या नवऱ्याकडे राहायला गेल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. मग एके दिवशी मनात प्रश्न आला: जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर जनावरांसारखा माणसामाणसाच्या शरीरात फरक नसता का दिसला? यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, हे त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. बाप्तिस्मा नंतर, १९००मध्ये. त्यांच्या बाबतीत आचरण आधी बदललं, मंडळीतलं नाव मागाहून लागलं. ‘स्मृतिचित्रे’ त्यांनी लिहिली ती घरात कुणालाही आणून बसवणारा नवरा, रिकामे डबे आणि स्वतःच्या फजित्या यांनी भरलेली. स्वतःच्या तारणाचा डंका त्यात कुठे वाजत नाही.

१९१७मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही. ख्रिस्ताला गुरू मानून तसं जगू पाहणारा पण बाप्तिस्मा न घेतलेला माणूस तारला जातो का, याचं उत्तर देणं मंडळीला त्या दरबाराने भाग पाडलं असतं. पण ९ मे १९१९ला टिळक गेले आणि दरबाराची घडी बसायची राहिली. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही थोड्याच अध्यायांवर थांबलं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, उतारवयात. २४ फेब्रुवारी १९३६ला त्या नाशिकला वारल्या, आणि ग्रंथ छापून आला तो त्यानंतर.