एकच भाव, तीन गुणोत्तरे : विमा समभागाच्या मूल्यमापनात ‘पी/ई’ कोठे अपुरे पडते?

बंगळुरू : कोरमंगला भागात कॉर्पोरेट कार्यालय आणि पुण्यात नोंदणीकृत कार्यालय असलेल्या गो डिजिट जनरल इन्शुरन्स या कंपनीने मे २०२४ मध्ये प्रारंभिक समभाग विक्री केली. कमाल विक्री किंमत प्रति समभाग २७२ रुपये होती. या भावाने कंपनीचे एकूण बाजारमूल्य सुमारे २४,९५० कोटी रुपये ठरत होते. विक्रीपूर्वीच्या शेवटच्या पूर्ण लेखापरीक्षित वर्षात, म्हणजे २०२२-२३ मध्ये, कंपनीचा निव्वळ नफा सुमारे ३५.५ कोटी रुपये होता. त्या हिशेबाने गुंतवणूकदाराला एक रुपया वार्षिक नफ्यासाठी सुमारे ७०० रुपये मोजावे लागत होते.

पुढील दोन वर्षांत हे चित्र पालटले. २०२३-२४ मध्ये निव्वळ नफा सुमारे १८२ कोटी, तर २०२४-२५ मध्ये सुमारे ४२५ कोटी रुपये झाला. समभागांची संख्या आणि २७२ रुपयांचा भाव स्थिर धरला, तर तेच गुणोत्तर ७०० वरून १३७ वर आणि नंतर ५९ वर येते. याच काळात कंपनीचा एकूण विमा हप्ता ७,२४३ कोटींवरून १०,२८२ कोटी रुपयांवर गेला, म्हणजे सुमारे ४२ टक्क्यांनी वाढला. व्यवसाय दीडपटही झाला नाही. नफा मात्र जवळपास बारापट झाला. त्याआधी २०२१-२२ मध्ये तर कंपनी सुमारे २९६ कोटी रुपयांच्या तोट्यात होती. त्या वर्षासाठी हे गुणोत्तर काढताच येत नव्हते.

समभागाच्या भावाला प्रति समभाग उत्पन्नाने भागले की किंमत-उत्पन्न गुणोत्तर मिळते. बाजारात ते ‘पी/ई’ या नावाने ओळखले जाते. साबण, सिमेंट वा औषधे बनविणाऱ्या कंपन्यांची तुलना करताना ते सोयीचे ठरते. विमा कंपनीच्या बाबतीत मात्र या भागाकारातील ‘उत्पन्न’ हा आकडाच वेगळ्या रीतीने घडतो. ते समजून न घेता केवळ गुणोत्तर पाहणारा गुंतवणूकदार दोन्ही बाजूंनी फसू शकतो. कधी तो चांगली कंपनी महाग म्हणून नाकारतो, तर कधी धोक्यातील कंपनी स्वस्त म्हणून घेतो.

नफा दोन मोठ्या आकड्यांतील लहान फरक

सर्वसाधारण विमा कंपनीचा व्यवसाय उलट्या क्रमाने चालतो. कारखानदार आधी खर्च करतो आणि नंतर माल विकून पैसे मिळवितो. विमा कंपनी आधी हप्ता घेते. दाव्याचा खर्च नंतर येतो, काही वेळा कित्येक वर्षांनी. मधल्या काळात ही रक्कम सरकारी रोखे, कंपन्यांचे कर्जरोखे आणि काही प्रमाणात समभागांत गुंतविली जाते.

त्यामुळे नफ्याचे दोन स्रोत असतात. पहिला विमा व्यवहारातून आणि दुसरा गुंतवणुकीतून. पहिल्या स्रोताचे मोजमाप ‘कम्बाइन्ड रेशो’ने होते. मिळविलेल्या १०० रुपये हप्त्यामागे दावे, कमिशन आणि व्यवस्थापन यांवर किती रुपये गेले, हे ढोबळमानाने त्यातून कळते. हा आकडा १०० च्या वर असल्यास मूळ विमा व्यवहारात तोटा आहे, असा त्याचा अर्थ.

गो डिजिटचा कम्बाइन्ड रेशो २०२३-२४ मध्ये १०८.७ टक्के होता. विमा व्यवहारात तोटा असूनही कंपनी नफ्यात राहिली, कारण मार्च २०२४ अखेर तिच्याकडे सुमारे १५,७६४ कोटी रुपयांची गुंतवणूक होती. त्यावर सात टक्के परतावा गृहीत धरला, तरी वर्षाला सुमारे १,१०० कोटी रुपये होतात. १८२ कोटींचा नफा म्हणजे एका बाजूचा विमा तोटा आणि दुसऱ्या बाजूचे गुंतवणूक उत्पन्न यांतून उरलेली शिल्लक होती.

अशी शिल्लक अतिशय संवेदनशील असते. त्या वर्षी कंपनीचा निव्वळ अर्जित हप्ता सुमारे ७,००० कोटी रुपये होता. कम्बाइन्ड रेशोत केवळ एका टक्क्याचा फरक पडला असता, तर करपूर्व नफा सुमारे ७० कोटींनी, म्हणजे नफ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक, वर वा खाली गेला असता. एखादा मोठा पूर किंवा वाहनांच्या सुट्या भागांची दरवाढ एवढा फरक सहज पाडू शकते. म्हणून एका वर्षाच्या नफ्यावर बेतलेले पी/ई कंपनीच्या कुवतीपेक्षा त्या वर्षाच्या योगायोगांचेच अधिक मोजमाप करते.

गुंतवणुकीच्या उत्पन्नातही असाच चढउतार असतो. समभागांचा भाव वाढला, तरी ते विकेपर्यंत सर्वसाधारण विमा कंपनीच्या नफा-तोटा पत्रकात तो लाभ येत नाही. विक्री ज्या वर्षी होते, त्या वर्षी नफा एकदम फुगतो आणि पी/ई तेवढेच खाली येते. हा लाभ दरवर्षी मिळणारा नसतो.

वाढ जितकी वेगवान, नफा तितका कमी

नव्या आणि झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीच्या बाबतीत हिशेबाची पद्धतही नफा झाकते. समजा, एका ग्राहकाने १ जानेवारी रोजी वर्षभराचा विमा १२,००० रुपयांना घेतला. ३१ मार्च रोजी आर्थिक वर्ष संपते, तेव्हा विम्याचे तीनच महिने उलटलेले असतात. म्हणून कंपनी केवळ ३,००० रुपये उत्पन्न दाखवू शकते. उरलेले ९,००० रुपये न संपलेल्या जोखमीची राखीव रक्कम म्हणून बाजूला ठेवावे लागतात. मात्र ग्राहक मिळविण्यासाठी दिलेले कमिशन, समजा १,८०० रुपये, त्याच वर्षी पूर्णपणे खर्ची पडते.

अर्जित हप्त्याच्या ७० टक्के दावे धरले, तर पहिल्या वर्षी २,१०० रुपये दावे आणि १,८०० रुपये कमिशन असा ३,९०० रुपयांचा खर्च होतो. तोटा ९०० रुपये. पुढील वर्षी उत्पन्न ९,००० रुपये, दावे ६,३०० रुपये आणि कमिशन शून्य. नफा २,७०० रुपये. व्यवस्थापनाचा खर्च बाजूला ठेवला, तर एकूण व्यवहार १,८०० रुपये फायद्याचा आहे. पहिल्या ताळेबंदात मात्र तो तोट्याचा दिसतो. कंपनी असे ग्राहक जितके अधिक जोडील, तितका चालू वर्षाचा नफा दबतो आणि पी/ई वर जाते. विक्री मंदावली की नफा उजळून निघतो.

येथे आणखी एक बदल लक्षात घ्यावा लागतो. विमा नियामक इर्डाईच्या निर्देशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून अनेक वर्षांच्या पॉलिसीचा हप्ता एकाच वेळी न दाखविता प्रत्येक वर्षाच्या वाट्याला विभागून दाखविला जातो. त्यामुळे या तारखेपूर्वीचे आणि नंतरचे हप्त्याचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत.

दाव्यांचा आजचा अंदाज, उद्याचा हिशेब

विमा कंपनीच्या नफ्यातील सर्वांत मोठा खर्च हा बऱ्याच अंशी अंदाज असतो. मोटार विम्यातील त्रयस्थ पक्षाच्या दाव्याचे उदाहरण बोलके आहे. अपघात झाल्यावर प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाते आणि पुढे अपिलासाठी उच्च न्यायालयातही जाऊ शकते. अंतिम भरपाई ठरेपर्यंत वर्षे लोटतात. कंपनीला मात्र अपघाताच्या वर्षीच त्यासाठी तरतूद करावी लागते. अपघात झाला आहे पण दावा अद्याप आलेला नाही, अशा प्रकरणांसाठीही नियुक्त विमागणितज्ञाच्या अंदाजानुसार रक्कम ठेवावी लागते.

तरतूद कमी केली की आजचा नफा वाढतो आणि पी/ई आकर्षक दिसते. काही वर्षांनी प्रत्यक्ष दावे चुकविताना त्याची किंमत मोजावी लागते. म्हणूनच विमा क्षेत्रात कमी पी/ई हे स्वस्ताईऐवजी अपुऱ्या तरतुदीचे लक्षणही असू शकते.

आरोग्य विम्यात दावे लवकर निकाली निघतात. तेथे धोका अचानक येतो. चेन्नईस्थित स्टार हेल्थ या कंपनीला कोविडच्या दाव्यांमुळे २०२१-२२ मध्ये सुमारे १,०४१ कोटी रुपयांचा तोटा झाला. पुढच्याच वर्षी तिने सुमारे ६१९ कोटी रुपयांचा नफा नोंदविला. पहिल्या वर्षी पी/ई अर्थहीन ठरले. दुसऱ्या वर्षाच्या आकड्यात साथीच्या जोखमीचा मागमूसही नव्हता.

आयुर्विम्याचा वेगळा मापदंड

आयुर्विम्यात करार २० ते ३० वर्षांचे असल्याने वार्षिक नफा आणखी अपुरा ठरतो. भारतीय आयुर्विमा महामंडळाचे, म्हणजेच एलआयसीचे, समभाग मे २०२२ मध्ये ९४९ रुपयांनी विकले गेले. तेव्हा बाजारमूल्य सुमारे सहा लाख कोटी रुपये होते. २०२१-२२ चा नफा ४,०४३ कोटी धरला, तर पी/ई सुमारे १४८ येते. २०२२-२३ चा ३६,३९७ कोटी धरला, तर ते १७ च्याही खाली जाते. एका वर्षात महामंडळाचा व्यवसाय नऊपट झाला नव्हता. नफ्यातील २७ हजार कोटींहून अधिक रक्कम ही लाभात सहभागी नसलेल्या पॉलिसींच्या निधीतून भागधारकांच्या खात्यात वर्ग झालेली होती.

त्यामुळे आयुर्विमा कंपनीसाठी ‘एम्बेडेड व्हॅल्यू’ हा आधार घेतला जातो. कंपनीचे आजचे नक्त मूल्य आणि चालू पॉलिसींतून पुढे भागधारकांना मिळू शकणाऱ्या नफ्याचे आजचे मूल्य, यांची ती बेरीज असते. एलआयसीची विक्री किंमत तिच्या एम्बेडेड व्हॅल्यूच्या सुमारे १.१ पट होती. हा आकडाही गृहीतकांवर आणि निधीवाटपाच्या नियमांवर अवलंबून असतो. निधीचे विभाजन आणि लाभवाटपाचे नियम बदलल्यानंतर एलआयसीची एम्बेडेड व्हॅल्यू मार्च २०२१ मधील ९५,६०५ कोटींवरून सप्टेंबर २०२१ मध्ये ५,३९,६८६ कोटी रुपयांवर गेली होती.

मग पाहावे काय?

सर्वसाधारण विमा कंपनीचा समभाग पाहताना प्रथम कम्बाइन्ड रेशोचा किमान पाच वर्षांचा कल तपासावा. तो १०० पासून दूर जात आहे की जवळ येत आहे, हे एका वर्षाच्या नफ्यापेक्षा अधिक सांगते. दुसरे, मागील वर्षांच्या दाव्यांसाठी केलेली तरतूद पुढे पुरली की अपुरी पडली, हे कंपन्यांच्या जाहीर विवरणांतून पाहावे. तिसरे, नफ्यातील किती भाग व्याजाचा आणि किती समभाग विक्रीचा, हे वेगळे करावे. चौथे, कंपनीची दायित्वे पेलण्याची क्षमता दर्शविणारे सॉल्व्हन्सी गुणोत्तर इर्डाईच्या १५० टक्के या किमान मर्यादेपेक्षा किती वर आहे, ते पाहावे. ते मर्यादेजवळ असल्यास वाढीसाठी नवे भांडवल लागते आणि जुन्या भागधारकाचा हिस्सा घटू शकतो.

आयुर्विमा कंपनीबाबत नव्या व्यवसायाचे मूल्य, त्यावरील नफ्याचे प्रमाण आणि १३ व्या व ६१ व्या महिन्यात किती पॉलिसी चालू राहतात, हे आकडे महत्त्वाचे ठरतात.

त्यानंतर भाव आणि पुस्तकी मूल्य यांचे गुणोत्तर घ्यावे व ते नक्त मूल्यावरील परताव्याशी जोडावे. पुस्तकी मूल्याच्या तिप्पट भाव असलेली कंपनी १५ टक्के परतावा मिळवीत असेल, तर तिचे पी/ई २० येते. परतावा १० टक्क्यांवर घसरला आणि भाव तोच राहिला, तर ते ३० होते. त्यामुळे गुणोत्तर चढ्या भावामुळे वाढले की खालावलेल्या कामगिरीमुळे, हे ओळखता येते.

याचा अर्थ विमा समभागांसाठी पी/ई टाकाऊ आहे, असा नाही. वाढीचा वेग स्थिरावलेल्या, तरतुदींचा इतिहास चांगला असलेल्या आणि कम्बाइन्ड रेशो फारसा न हलणाऱ्या कंपनीत ते उपयोगी पडते. मात्र त्यासाठी एका वर्षाऐवजी पाच वर्षांच्या सरासरी नफ्याचा आधार घ्यावा, एकदाच मिळालेला लाभ वगळावा आणि तुलना एकाच प्रकारच्या विमा कंपन्यांत करावी. मोटार विमा, आरोग्य विमा आणि आयुर्विमा यांचे पी/ई एका रांगेत मांडून सर्वांत कमी आकडा निवडणे चुकीचे ठरते.

गो डिजिटच्या २७२ रुपयांच्या भावाला ७००, १३७ आणि ५९ ही तिन्ही गुणोत्तरे गणिताच्या दृष्टीने बरोबर होती. त्या काळात कंपनीचा कम्बाइन्ड रेशो मात्र १०० च्या वरच राहिला. विमा व्यवहार स्वतःच्या बळावर कधी फायद्यात येणार, या प्रश्नाचे उत्तर त्या तिन्हींपैकी एकाही आकड्यात नव्हते.