संत्र्याचे कूळ, मोसंब्याचे मूळ

संत्रे कोणते आणि मोसंबे कोणते, हे आमच्या घरातले शेंडेफळसुद्धा सांगते. संत्र्याची साल ढिली, बोटाने सुटणारी. मोसंब्याची घट्ट, सुरी मागणारी. आणखी एक खूण मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. दोहोंची एकेक बी घ्या आणि वरचे टरफल काढून नखाने उकला. संत्र्याची बी आत हिरवी निघेल, मोसंब्याची पांढरी. गृहिणींनी हा बिनखर्ची प्रयोग अवश्य करून पाहावा.

पपनसाची बीही आत पांढरीच असते, आणि पपनस हे मोसंब्याच्या पूर्वजांपैकी एक! संत्र्याचे कूळ आणि पपनस यांच्या संकरातून मोसंबे आले. २०१८ साली शास्त्रज्ञांनी ६० झाडांच्या जनुकांवरून या घराण्याची वंशावळ मांडली. तीत मोठी गंमत आहे ती महाळुंगाची. आपले कागदी लिंबू, जंबेरी आणि रंगपूर लिंबू, या तिघांचेही वडील महाळुंगच! त्यातही जंबेरी व रंगपूर यांचे आजोळ एकच, संत्र्याच्या कुळातले.

फळ हाती असले तर ही भावंडे ओळखणे सोपे. जंबेरी पिवळे व खडबडीत, रंगपूर संत्र्यासारखे केशरी. पण माझ्या मामेभावाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. त्याची अडचण निराळी. संत्र्याचा डोळा या दोहोंपैकीच एकाच्या खुंटावर भरतात. त्या खुंटाला स्वतःचे फळ येऊच देत नाहीत. मग जमिनीखाली कोण आहे, हे कळावे कसे? खारवट जमिनीत रंगपूर अधिक तग धरते. मूळकुजीला जंबेरी लवकर बळी पडते. संत्री धरायला चारपाच वर्षे लागतात. तोवर खत, पाणी आणि कर्जाचे व्याज चालूच! अशा वेळी डोळा भरण्यापूर्वी रोपाच्या एका पानाची जनुकचाचणी कामी येते.

मात्र जनुकांनाही सर्व काही सांगता येत नाही. मोसंबे आणि लाल गराचा माल्टा एकाच कुळातले. कळीत अचानक झालेल्या बदलांतून असे भेद निपजतात. माल्ट्याच्या लालीमागचा नेमका बदल २०१२ साली उजेडात आला. पण कोठे पाहायचे हे ठाऊक नसेल, तर साध्या चाचणीला ही दोन्ही झाडे सारखीच दिसतात. तेथे सुरी आणि जीभ यांचीच साक्ष खरी.

म्हणून मामेभावाला मी एवढेच सांगतो: ज्या झाडाचा डोळा घ्यायचा, ते फळांनी लगडलेले असताना स्वतः पाहा, चाखा, आणि कलमाच्या पावतीवर खुंटाचे नाव लिहून घे.